एमआरआय एक म्हणतो, बायोप्सी दुसरंच सांगते

पुण्यातल्या एका वाचक ताईंचं पत्र थोडक्यात असं: त्यांचे वडील ६८ वर्षांचे. पिंपरीच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते, आता निवृत्त. रोज सकाळी तळजाईला फिरून येतात. रात्री तीन-चार वेळा लघवीला उठावं लागतं म्हणून तपासण्या झाल्या. पीएसए (प्रोस्टेटसाठीची रक्ततपासणी) ६.८ निघाला. एमआरआयमध्ये प्रोस्टेट (पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी) ५२ सीसीचं, डाव्या बाजूला मागच्या भागात ११ मिलिमीटरचा डाग, ‘पायरॅड्स ४’ (कर्करोगाच्या संशयाचा एक ते पाचमधला आकडा). बायोप्सीत चौदा तुकडे काढले. त्यातल्या एकाच तुकड्यात दोन मिलिमीटर कर्करोग, ग्लीसन ३+३, म्हणजे सौम्य श्रेणीचा. थोरला भाऊ म्हणतो, कॅन्सर आहे ना, मग ऑपरेशन करून मोकळे होऊ. ताईंना वाटतं, एमआरआय इतका घाबरवतो आणि बायोप्सी इतकी सौम्य, म्हणजे दोन्हींपैकी एक रिपोर्ट चुकीचा असणार. त्यांच्या वाचनात आलं की परदेशात बायोप्सीचे तुकडे पारदर्शक करून त्रिमितीय सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात आणि ते चित्र स्कॅनशी जुळवतात. ‘बाबांचे ब्लॉक तिकडे पाठवावेत का? तोवर ऑपरेशन थांबवावं का? बाबांना आम्ही फक्त साधी गाठ आहे एवढंच सांगितलंय.’ सोबत दोन्ही रिपोर्ट जोडले आहेत.

प्रिय ताई,

तुमचं पत्र वाचलं आणि लगेच रिपोर्ट उघडले. तीस वर्षं स्लाइड पाहण्यात गेली, त्यामुळे नजर निष्कर्षाच्या ठळक ओळीआधी वरच्या बारीक अक्षरांवर जाते. नमुना कशातून, कसा आला ते तिथे लिहिलेलं असतं. बाबांच्या रिपोर्टवर तिथे दोनच ओळी आहेत. डबी एक, उजवी बाजू, सहा तुकडे. डबी दोन, डावी बाजू, आठ तुकडे. म्हणजे एमआरआयमधल्या डागावर नेम धरून काढलेले दोन तुकडे आणि डाव्या बाजूचे नेहमीचे सहा, असे आठही एकाच डबीत पडले. कर्करोग सापडला तो या आठांपैकी एकात. कोणत्या, हे कळायला रिपोर्ट लिहिणाऱ्या पॅथॉलॉजिस्टकडे काही मार्गच नव्हता.

तुमच्या घरात चाललेला वाद बराचसा इथून सुरू होतो. तो एक तुकडा डागातलाच असेल, तर एमआरआयला जे दिसलं त्याला निदान नाव तरी मिळालं. तो डागाबाहेरचा असेल, तर डागात नेमकं काय आहे हा प्रश्न अजून उघडाच आहे. हे ठरल्याशिवाय ‘ऑपरेशन की थांबायचं’ यावर तुम्ही आणि दादा कितीही भांडलात तरी दोघांच्याही हाती अर्धीच माहिती आहे.

आता तुमच्या वाक्याकडे येते: ‘दोन्हींपैकी एक चुकीचा असणार.’ मला तसं वाटत नाही. दोघांना विचारलेले प्रश्नच वेगळे आहेत.

एमआरआयला पेशी दिसत नाहीत. त्याला पाण्याची हालचाल कळते. निरोगी प्रोस्टेटमध्ये बारीक नळ्यांचं झाड असतं, त्या नळ्यांच्या पोकळीत द्रव असतो, त्यामुळे तो भाग एका प्रकारच्या चित्रात उजळ दिसतो. कर्करोगाच्या पेशी दाटीवाटीनं वाढल्या की पोकळ्या बुजतात, पाण्याला हलायला जागा उरत नाही आणि चित्रात तो भाग काळवंडतो. पण जुनाट सुजेनंही तसंच होतं. क्षयाच्या गाठीनंही होऊ शकतं, आणि आपल्याकडे तो विचार करावाच लागतो. म्हणून पायरॅड्सचा ४ हा आकडा संशय बराच आहे एवढं सांगतो. त्याला निदान समजू नका.

बायोप्सी पेशी दाखवते, पण किती जागेतल्या? बायोप्सीचा तुकडा तुम्ही पाहिला नसेल. शेवईएवढा असतो: जाडी जेमतेम एक मिलिमीटर, लांबी एक-दीड सेंटीमीटर. फॉर्मलिनमध्ये पडला की आक्रसतो, वाकतो. म्हणून चांगला तंत्रज्ञ तो स्पंजच्या दोन पट्ट्यांमध्ये सरळ दाबून ठेवतो, नाहीतर नंतर काप घेताना अर्धा तुकडा पातळीबाहेर राहतो. मग तो मेणात बसवायचा. हाच तुमचा ‘ब्लॉक’. त्यातून चार मायक्रॉन जाडीचे पापुद्रे काढायचे, कोमट पाण्यावर सायीसारखे तरंगवायचे आणि अलगद काचेवर घ्यायचे. एक मिलिमीटर म्हणजे हजार मायक्रॉन. तीन पापुद्रे पाहिले तर हजारातले बारा मायक्रॉन पाहिले. उरलेला जवळजवळ सगळा तुकडा मेणातच राहतो, कुणाच्याही नजरेखाली न येता. आणि चौदा तुकडे एकत्र केले तरी बावन्न सीसीच्या प्रोस्टेटचा एक टक्काही भरत नाही.

एमआरआयचं उलटं. त्याचा एक काप साधारण तीन मिलिमीटर जाडीचा, आणि चित्रातल्या एका ठिपक्यात लाखो पेशींची सरासरी असते. तीन मिलिमीटरमध्ये चार मायक्रॉनचे साडेसातशे पापुद्रे मावतात. एमआरआयनं साडेसातशे पानांचं पुस्तक वजन करून सांगितलं आणि माझ्यासारखीनं त्यातलं एक पान वाचून सांगितलं, तर दोघांचं सांगणं जुळलं नाही म्हणून कुणाला खोटं कसं म्हणणार?

तुम्ही वाचलेलं संशोधन नेमकं या दरीवर आहे, आणि ते मला फार मोलाचं वाटतं, म्हणून त्यावर जरा थांबते.

प्रोस्टेटच्या कर्करोगाला श्रेणी देण्याची पद्धत डोनाल्ड ग्लीसन या अमेरिकन पॅथॉलॉजिस्टनं १९६६ साली मांडली. ती मुख्यतः नळ्यांच्या मांडणीवर चालते. नळ्या सुट्या, आपापल्या गोल आकारात असतील तर तीन. एकमेकींत मिसळल्या, अर्धवट झाल्या किंवा चाळणीसारखी छिद्रं दिसू लागली तर चार. नळ्याच उरल्या नाहीत, पेशी सुट्या विखुरल्या, तर पाच. रिपोर्टात असे दोन आकडे जोडून लिहितात; बाबांचे दोन्ही तीनच आहेत. तीन आणि चार यांच्यातला फरक उपचार ठरवतो, आणि नेमका तिथेच पॅथॉलॉजिस्टचं एकमेकांशी पटत नाही. याचं कारण आमच्या डोळ्यांत नाही, कापात आहे. चकली सुरीनं आडवी कापून बघा. कापावर तीन-चार सुटे गोल दिसतात. ते एकाच दोरीचे वेढे आहेत हे कापावरून कळणार नाही. तीच सुरी जरा तिरपी गेली तर शेजारचे दोन वेढे एकमेकांना चिकटल्यासारखे दिसतील. नळीचंही असंच होतं. सुट्या वाटणाऱ्या नळ्या खोलात जाऊन जुळलेल्या निघतात, आणि ‘अर्धवट’ वाटलेली नळी कधीकधी फक्त कडेवरून कापली गेलेली असते.

अमेरिकेत सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात जोनाथन लिऊ यांच्या गटानं यासाठी एक सूक्ष्मदर्शक बनवला. त्याचं वर्णन २०१७ साली प्रसिद्ध झालं. तुकडा कापायचाच नाही. त्यातलं पाणी अल्कोहोलनं काढायचं, पेशींना चमकणारे रंग द्यायचे, आणि मग तो अशा द्रवात बुडवायचा की प्रकाश आरपार जाताना वाकत नाही. या कामी वापरला जाणारा एक द्रव दालचिनीच्या तेलातही सापडतो. काचेसारख्या झालेल्या त्या तुकड्यातून पातळ पात्यासारखा प्रकाश सरकवत नेतात आणि थरामागून थर टिपून संगणकात पूर्ण शेवई उभी करतात. तुकडा नष्ट होत नाही, पुन्हा मेणात बसवता येतो. २०२२ साली या गटानं ५० रुग्णांच्या जपून ठेवलेल्या प्रोस्टेटमधून काढलेले ३०० तुकडे असे पाहिले. त्या रुग्णांचं पुढे काय झालं हे आधीच माहीत होतं. नळ्यांची त्रिमितीय मापं घेतली तेव्हा कुणाचा आजार परत उलटला याचा अंदाज सपाट कापावरच्या मापांपेक्षा चांगला आला.

याच्या पुढची पायरी म्हणजे ते चित्र स्कॅनशी जुळवणं. ऐकायला सोपं वाटतं. पण पोटात असताना प्रोस्टेटला रक्तपुरवठा असतो, वर मूत्राशयाचा भार असतो. बाहेर काढलं की रक्त निघून जातं, फॉर्मलिनमध्ये ते आक्रसतं, टेबलावर ठेवलं की त्याचा आकार बदलतो. वर आमची सुरी एमआरआयच्या पातळीत जाईल याचा भरवसा नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतल्या मंडळींनी २००९ मध्ये यावर एक सुंदर तोड काढली. रुग्णाच्या ऑपरेशनआधीच्या एमआरआयवरून त्याच्याच प्रोस्टेटच्या मापाचा साचा बनवायचा, साच्याला एमआरआयच्या कापांच्या जागी फटी ठेवायच्या, काढलेलं प्रोस्टेट त्यात बसवायचं आणि फटीतून सुरी चालवायची. त्यामुळे निदान पातळी जुळते. त्रिमितीय सूक्ष्मदर्शक जोडीला आला की जाडीही जुळवता येते. एमआरआयच्या एका ठिपक्याएवढ्या जागेत नळ्यांची पोकळी किती, पेशी किती, मधला तंतुमय भाग किती, हे एका पानावरून अंदाजानं सांगण्याऐवजी मोजता येतं. हे पुरेशा रुग्णांमध्ये झालं, तर एमआरआयवरच्या कोणत्या काळसर डागाखाली चाळणीसारख्या नळ्या आहेत आणि कोणत्याखाली नुसती सूज, हे सुई न टोचता जास्त खात्रीनं सांगता येईल. मला त्याची मनापासून आस आहे.

पण बाबांचे ब्लॉक तिकडे पाठवू नका.

ही संशोधनाची कामं आहेत. बरीचशी जुन्या, जपून ठेवलेल्या नमुन्यांवर झालेली. अशी प्रयोगशाळा कुरिअरनं आलेला ब्लॉक पाहून उपचारासाठी रिपोर्ट देत नाही. माणसाच्या शरीरातला नमुना देशाबाहेर संशोधनाला जायचा तर नैतिक समितीची मंजुरी, संस्थांमधला करार असं सगळं लागतं. आणि आणखी एक गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. ते मेणाचे चौकोनी ठोकळे हा बाबांच्या आजाराचा आज हातात असलेला एकमेव मूळ पुरावा आहे. वाटेत गहाळ झाले तर पुन्हा सुई. शिवाय मूळ अडचण त्रिमितीय चित्रानंही सुटणार नाही. तुकडा कितीही स्वच्छ दिसला तरी तो प्रोस्टेटमधला कुठला, हे तुकड्यावर लिहिलेलं नसतं. ते डबीवर लिहावं लागतं.

मग करायचं काय? जगातली मोठी यंत्रं जे जुळवू पाहतायत, त्याची घरगुती आवृत्ती पुण्यात होऊ शकते: एमआरआय वाचणारा, सुई चालवणारा आणि स्लाइड पाहणारी अशा तिघांना एका टेबलाशी आणायचं.

सुरुवात युरोलॉजिस्टपासून करा. त्यांना भांडणाच्या सुरात नको, सरळ विचारा: ‘डागावर नेम धरून काढलेले तुकडे कोणते होते, याची नोंद तुमच्या प्रोसिजर नोटमध्ये आहे का? नेम कसा धरला होता, मशीनवर एमआरआय आणि सोनोग्राफी एकत्र करून, की चित्र आठवून?’ दोन्ही पद्धती चालतात, पण उत्तर माहीत असायला हवं. आठ शेवया एका डबीत पडल्यानंतर त्यातल्या दोन ओळखता येणं अवघड आहे. तरी काही वेळा त्या लांबीनं वेगळ्या असतात, काही वेळा नर्सनं क्रम लिहून ठेवलेला असतो. विचारल्यानं नुकसान काही नाही.

एमआरआयची सीडी घ्या. फिल्मचा मोबाइलवर काढलेला फोटो कुणालाही पाठवू नका, त्यावरून कुणी शहाणा रेडिओलॉजिस्ट मत देणार नाही. सीडीतल्या मूळ फाइल लागतात. प्रोस्टेटचे एमआरआय रोज वाचणाऱ्या दुसऱ्या रेडिओलॉजिस्टला त्या दाखवा. डाग खरंच पायरॅड्स चार आहे की तीन, हे दुसऱ्या डोळ्यांनी पाहिलं की कधीकधी बदलतं.

स्लाइड आणि ब्लॉक दोन्ही मागून घ्या. प्रयोगशाळा सही घेऊन देते, तो तुमचा हक्क आहे. पावती जपा. आणि एक बारीक गोष्ट: हे मेण साधारण ५६ ते ६० अंशांना वितळतं. एप्रिलच्या दुपारी सिंहगड रोडवर गाडी उभी करून ब्लॉक डॅशबोर्डवर ठेवलेत तर नुकसान होऊ शकतं. पर्समध्ये ठेवा, सावलीत. पुण्यात मूत्रमार्गाच्या कर्करोगांचं काम जास्त करणारे पॅथॉलॉजिस्ट आहेत. आणि पुण्याहून सकाळच्या गाडीनं दादरला उतरून परळच्या टाटा मेमोरियलमध्ये स्लाइड दाखवून येणारी माणसं तुमच्या आजूबाजूलाही सापडतील. दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला एवढंच सांगा की एमआरआयवर डाव्या बाजूला पायरॅड्स ४ चा संशय आहे, ब्लॉकमधून आणखी खोल काप घेऊन पाहाल का?

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. अनेक वर्षांपूर्वी सत्तरीतल्या एका गृहस्थांच्या बायोप्सीवर मी ३+३ लिहून सही केली होती. दोन दिवसांनी रेडिओलॉजीतल्या एका तरुण डॉक्टरचा फोन आला. ‘मॅडम, त्या जागेत मला जे दिसतंय ते इतकं सौम्य असेल असं वाटत नाही.’ मी ब्लॉक परत मागवला, तंत्रज्ञाला खोल जायला सांगितलं. आधीच्या तीन कापांत ज्याचा मागमूस नव्हता तो चाळणीसारखा पुंजका खालच्या कापांत उभा होता. मी रिपोर्ट बदलला आणि त्या गृहस्थांना बोलावून स्वतः सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, ‘बरं झालं, तुम्ही दोघं बोललात.’ तेव्हापासून एमआरआयचा रिपोर्ट सोबत नसेल तर प्रोस्टेटची स्लाइड मी बाजूला ठेवायची आणि आधी फोन करायची.

हे सगळं घेऊन ट्यूमर बोर्ड असलेल्या रुग्णालयात जा. पुण्यातल्या मोठ्या रुग्णालयांत आठवड्यातून ठरलेल्या दिवशी ही बैठक होते. तिघे-चौघे तज्ज्ञ एका पडद्यावर तुमचा एमआरआय आणि स्लाइड पाहतात. तिथेही डाग आणि तुकडा जुळला नाही, तर डागावरच नेम धरून पुन्हा बायोप्सी घ्यावी असं बहुधा ठरेल. त्याला ‘पुन्हा तोच छळ’ समजू नका. ३+३ मध्ये लक्ष ठेवून थांबायचं ठरलं तरी वर्षभराच्या आत खात्रीची दुसरी बायोप्सी बहुतेक ठिकाणी करतातच. ती थोडी अलीकडे येईल. या वेळी मात्र आधीच सांगून ठेवा: डागाचे तुकडे वेगळ्या डबीत, डबीवर जागा लिहून. अशी तपासणी ज्यांच्या घरी व्हायची आहे त्या सगळ्या वाचकांनीही एवढं एक वाक्य बायोप्सीच्या आदल्या दिवशी डॉक्टरांना म्हणावं. त्याला फार तर दोन जादा डब्यांचे पैसे पडतील.

आता दादांचं म्हणणं. त्यांची भीती मला समजते. ‘कॅन्सर’ हा शब्द घरात आला की थांबणं म्हणजे हातावर हात ठेवून बसणं वाटतं. शिवाय आपल्याकडे प्रोस्टेटचे कितीतरी रुग्ण हाडांपर्यंत आजार गेल्यावर येतात, त्यांच्या हकिगती कानावर पडलेल्या असतात. बाबांची गोष्ट तशी नाही. ब्रिटनमध्ये १,६४३ पुरुषांवर एक मोठा अभ्यास झाला. पीएसएवरून सापडलेला, प्रोस्टेटपुरता असलेला कर्करोग. काहींवर शस्त्रक्रिया, काहींना रेडिएशन, काहींवर फक्त लक्ष. पंधरा वर्षांनंतरचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. तिन्ही गटांत प्रोस्टेटच्या कर्करोगानं गेलेले साधारण तीन टक्के, म्हणजे जवळपास सारखेच. दादांना दुसरी बाजूही सांगा, लपवू नका: लक्ष ठेवलेल्या गटात आजार शरीरात पसरण्याचं प्रमाण नऊ टक्क्यांच्या वर होतं, बाकी दोन गटांत पाचच्या आसपास. म्हणून तर डागात काय आहे हे आधी नक्की करायचं.

शस्त्रक्रियेची किंमतही दादांना कळायला हवी. काही जणांना लघवी नीट धरता येत नाही, पॅड लावावा लागतो. लैंगिक क्षमतेवर परिणाम होतो. जे टळू शकलं असतं त्यासाठी ही किंमत मोजणं मला पटत नाही. आणि डागात ग्लीसनचा चार निघालाच, तर मग तीच शस्त्रक्रिया किंवा रेडिएशन पूर्ण विचारानं करता येईल. या श्रेणीत हे सगळं जुळवायला महिना-दोन महिने गेले तरी संधी हातची जात नाही. मधल्या काळात लघवी पूर्ण अडली, पाठीत सतत ठणका लागला, पायातली ताकद कमी झाली तर थांबू नका, त्याच दिवशी जा.

एक दिलासा देणारा आकडा तुमच्याच रिपोर्टमध्ये पडून आहे. पीएसए ६.८ ला प्रोस्टेटच्या ५२ सीसी आकारमानानं भागा. ०.१३ येतात. डॉक्टर मंडळी ०.१५ च्या वर गेलं की जास्त सावध होतात. एवढ्यावर निकाल लावायचा नाही, पण ट्यूमर बोर्डसमोर तो ठेवा. आणि रात्रीचं उठणं बहुधा वयानुसार वाढलेल्या प्रोस्टेटमुळे आहे. मागच्या भागातला एवढासा डाग सहसा लघवी अडवत नाही. त्यावर वेगळं औषध आहे. बाबांची झोप या निर्णयाची वाट पाहत बसायला नको.

ज्यांना डॉक्टर पुढे कधी विचारतील की काढलेलं प्रोस्टेट किंवा उरलेला तुकडा अशा जुळवणीच्या संशोधनाला द्याल का, त्यांनी घाबरू नये. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार लेखी संमती लागते, ती कधीही मागे घेता येते, त्यानं उपचारात फरक पडत नाही, आणि संशोधनाच्या तपासणीचा खर्च रुग्णावर टाकता येत नाही. निदानाला लागेल तेवढं आधी बाजूला ठेवणार ना, एवढं विचारा आणि मनात असेल तर सही करा. पन्नास जणांच्या कपाटात राहिलेल्या नमुन्यांमुळेच आज आपण हे बोलतोय.

राहता राहिले बाबा. पत्रात तुम्ही आहात, दादा आहेत, डॉक्टर आहेत, सिएटलसुद्धा आहे. ज्यांच्या शरीरात सुई गेली त्यांना मात्र ‘साधी गाठ’ सांगितलंय. ताई, चौदा वेळा टोचून घेतलेल्या माणसाला साधी गाठ पटलेली नसते. ते तुमच्यासाठी गप्प आहेत, तुम्ही त्यांच्यासाठी. पॅड लावावा लागणं, लैंगिक आयुष्य, पुढची पंधरा वर्षं कशी जगायची, हे त्यांनी ठरवायचं आहे. मुलीसमोर ते बोलणार नाहीत हेही मी जाणते. म्हणून डॉक्टरांना सांगा की पंधरा मिनिटं बाबांशी एकट्याशी बोला, तुम्ही बाहेर बाकावर बसा. आईंना आत जायचं असेल तर त्यांना जाऊ द्या.

आणि ते ड्राफ्ट्समन होते हे विसरू नका. आयुष्यभर त्यांनी प्लॅन, एलिव्हेशन आणि सेक्शन काढले. सेक्शन दाखवला की मूळ चित्रावर कापरेषा आखायची, तिच्या दोन्ही टोकांना अक्षर लिहायचं, म्हणजे पाहणाऱ्याला कळतं की हा काप कुठून गेला. रविवारी ते तळजाईहून परतले, चहा झाला, की लॅपटॉपवर एमआरआयची सीडी लावा. डावीकडचा तो काळसर भाग दाखवा. शेजारी बायोप्सीचा रिपोर्ट ठेवा आणि आजाराचं नाव त्याच्या खऱ्या नावानं घ्या. माझी खात्री आहे, पहिल्या धक्क्यानंतर चष्मा लावून ते विचारतील, ‘हा सेक्शन कुठल्या रेषेवर घेतलाय?’

तो प्रश्न त्यांच्याच हातानं कागदावर लिहून घ्या आणि युरोलॉजिस्टकडे जाताना तोच कागद न्या.